७३९३९१३३ आणि मोतीराम

मोतीराम गेल्याचं मला शाळेत कळलं. नववीच्या निबंधाच्या वह्या तपासत बसलो होतो. शिपाई आला, नेहमीसारखा आत न शिरता दाराशीच थांबला आणि म्हणाला, "मास्तर, तुमचे ते भागाकारवाले... सकाळी गेले म्हणते." मी हातातली वही पुरी तपासली, खाली सही केली आणि मगच उठलो. त्या पोराला किती गुण दिले ते मला आजही आठवत नाही. पण नंतर ते घरभर नाचलं म्हणे, तेव्हा बरेच दिले असावेत. माझ्याकडून बरेच गुण मिळणं ही आमच्या शाळेत बातमी असते. मी मराठीचा मास्तर, मूळचा भिवापूरचा. गावच्या मिरचीचा गुण माझ्या जिभेला लागला आहे असं पोरं म्हणतात, आणि एका ऱ्हस्व-दीर्घाला अर्धा गुण कापणारा माणूस म्हणून मी बदनाम आहे. गणिताचं म्हणाल तर मॅट्रिकला दोनदा त्याच विषयात आपटलो आणि तिसऱ्यांदा परीक्षकाच्या दयेवर सुटलो. अशा माणसाने मोतीरामवर लिहावं हे मोतीरामला ऐकायला मिळालं असतं, तर तो पोट धरून हसला असता.

मोतीराम रेल्वेच्या यार्डात नंबर-टेकर होता. मालगाडी यार्डात आली की तिच्या कडेकडेने चालत जायचं आणि एकेका डब्यावर रंगवलेला नंबर कागदावर उतरवायचा, हे त्याचं काम. पायाखाली खडी, डोक्यावर नागपूरचं ऊन, आणि एका गाडीला साठ-साठ डबे. एक आकडा चुकला की दिल्लीला निघालेली संत्री भलत्याच गावी पडून सडायची. म्हणून यार्डाचा नियम असा की एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने ते परत डब्याशी ताडून पाहायचं. मोतीरामचं लिहिलेलं ताडून पाहणारे लोक मात्र काही वर्षांनी कंटाळले, कारण त्यात कधी चूकच सापडेना. दुसऱ्याचं लिहिलेलं तो स्वतः इतकं बारकाईने तपासायचा की लोक त्याला टाळून सही घ्यायला दुसरीकडे जायचे.

त्याचे वडील विणकर होते. गांधीबागेच्या मागच्या आमच्या गल्लीत त्यांचं घर आणि घरात हातमाग. मी त्याच गल्लीत भाड्याच्या खोलीत राहायला आलो तेव्हा वडील नुकतेच गेले होते आणि चार भावांत वाटण्या चालल्या होत्या. त्या अशा काही झाल्या की थोरल्याच्या वाट्याला माग आला आणि मोतीरामच्या वाट्याला, माग ज्या खड्ड्यात बसवलेला होता, तो खड्डा आला. थोरल्याने माग उचलून नेला. मोतीरामने खड्ड्यावर फळ्या टाकल्या, वर सतरंजी अंथरली आणि पुढची सगळी वर्षं त्याच्यावर बसून काढली. त्याची आणि माझी ओळख त्या फळ्यांवरच झाली. बसलं की खालून पोकळ आवाज यायचा. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "हे काय आहे?" तो म्हणाला, "माही इस्टेट."

आता त्या आकड्याचं सांगायलाच हवं. मला जसं कळलं तसं सांगतो. ज्यांना गणित येतं त्यांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल, माझ्या चुका काढू नयेत. काही संख्या अशा असतात की एक आणि ती स्वतः यांच्याशिवाय कशानेही त्यांना नि:शेष भाग जात नाही. त्यांना मूळ संख्या म्हणतात. यार्डात डब्यांचे नंबर लिहिता लिहिता मोतीरामला यांचा नाद लागला. मग त्याने स्वतःचा एक नंबर वाढवायला घेतला. सातपासून सुरुवात केली. सात मूळ. त्याच्यापुढे तीन लावला, ७३ झाले, तेही मूळ. पुढे नऊ लावला, ७३९. तेही मूळ. पुढे ७३९३, मग ७३९३९... म्हणजे नंबर असा हवा की तो स्वतः मूळ असेल, आणि त्याची शेपटी एकेक आकड्याने कापत गेलं तर उरलेला तुकडाही प्रत्येक वेळी मूळच निघेल, थेट सातापर्यंत. ७३९३९ च्या पुढे त्याला चार फांद्या फुटल्या होत्या आणि चारही मूळ होत्या. त्या दिवशी म्हणे त्याने गल्लीला जिलेबी खाऊ घातली होती. पुढे त्यातल्या तीन वाळल्या आणि एकच तगली. मी पाहिलं तेव्हा सात आकडे झाले होते, ७३९३९१३, आणि आठवा लावण्याची तयारी चालली होती. आठवा आकडा म्हणून त्याने तीन निवडला. झाले ७३९३९१३३. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस.

निवडणं सोपं होतं, सिद्ध करणं अवघड. आकडा तुटत नाही हे दाखवायचं, तर त्याला आधीच्या एकेका मूळ संख्येने भागून पाहावं लागतं. तीनने, सातने, अकराने, असं करत साडेआठ हजारांच्या पुढपर्यंत. हजाराहून जास्त भागाकार. त्यातला एक जरी नि:शेष गेला तरी आकडा तुटला आणि सगळी मेहनत पाण्यात. मोतीराम एका भागाकाराला एक पूर्ण कागद घ्यायचा, यार्डातले पाठकोरे रद्दी कागद. वर आकडा लिहायचा, खाली भागायचा आणि मग गुणून परत ताडून पाहायचा. मी एकदा वैतागून म्हटलं, "मोतीराम, हा आकडा तुटला नाही तर तुले काय भेटणार आहे?" त्याने हातातला कागद खाली ठेवला. मग फळ्यांवर हात आपटून म्हणाला, "मास्तर, आमच्या घरी सगळं वाटल्या गेलं. भांडे वाटले, माग वाटला, मायच्या लुगड्यांच्या पण वाटण्या झाल्या. मले एक तरी चीज अशी पाहिजे का जे कोणालेच वाटता नाही येत." त्यानंतर मी त्याला तो प्रश्न कधी विचारला नाही.

गल्लीत मात्र भलताच समज झाला. ते सट्ट्याचे दिवस. माणूस रोज कागदावर आकडे मांडतो, कोणाला दाखवत नाही, मधूनच खूश होतो, म्हटल्यावर लोक दुसरा काय विचार करणार? आधी शेजारपाजारचे कुजबुजले. मग एक दिवस पलीकडच्या जरीपटका वस्तीतून एक गृहस्थ सायकलवर आले, मोतीरामच्या पाया पडले आणि फळ्यांवर बसून विनवू लागले, "भैया, सिर्फ आज का दे दो." मोतीराम भाबडेपणाने खूश झाला. त्याला वाटलं, गणिताचा रसिक भेटला. त्याने त्यांना त्या दिवशीचा भागाकार साद्यंत समजावून सांगितला. ते गृहस्थ सगळं ऐकून घेऊन त्यातले दोन आकडे लावून आले, आणि नशिबाचा खेळ असा की ते लागले! दुसऱ्या दिवशी दारात पंचवीस माणसं. जनाबाईंनी, म्हणजे मोतीरामच्या बायकोनं, झाडू घेऊन ती पांगवली. पण चौथ्या दिवशी एक हवालदारही आला. मोतीरामने त्यालाही बसवून शेपटी कापून दाखवली. आठ आकडे, सात आकडे, सहा... हवालदार घाम पुसत म्हणाला, "बस, बस. तुमच्यावर केस करायची म्हटलं तर मले हे साहेबाले समजवावं लागन." आणि गेला.

आता माझ्या गुन्ह्याकडे येतो. मोतीराम पाचशेच्या घरात पोचला होता तेव्हा यार्डात डब्याच्या पायरीवरून घसरला आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. त्याच सुमारास त्याचा एकुलता एक मुलगा सुरेश नोकरीला भिलाईला गेला होता, त्यामुळे घर आधीच सुनं होतं. मोतीराम इतका कासावीस झाला की मला राहवेना. मी म्हटलं, भागाकार काही मला यायचा नाही, पण कागद तयार करून देतो. वर आकडा लिहून ठेवतो, हात बरा झाला की तू सुरू कर. माझं अक्षर वळणदार आहे, मोत्याचे दाणे म्हणतात तसं. एका शनिवारी मी त्याच्या कागदावरून आकडा पहिल्या कागदावर उतरवला आणि मग माझ्याच कागदावरून पाहून बाकीच्या एकशे नव्याण्णव कागदांवर. मोतीरामने गठ्ठा हातात घेतला, डोळे भरून पाहिला आणि म्हणाला, "काय अक्षर आहे! छापल्यासारखं." प्लास्टर निघाल्यावर तो त्या कागदांवर भागू लागला. पाचशे तीन, पाचशे नऊ... सात महिन्यांत तेराशे सत्तावीसपर्यंत आला. आणि तेराशे सत्तावीसने आकडा तुटला.

मी शाळेतून येत होतो तर जनाबाई दारात उभ्या. "भाऊजी, पाहा न गा, हे सकाळपासून भिंतीकडं तोंड करून पडले आहेत. ड्युटीवर गेले नाही. जेवले नाही. काही बोलत नाही." आत गेलो तर खरंच फळ्यांवर मोतीराम भिंतीकडे तोंड करून पडलेला. शेजारच्या दोघी कोपऱ्यात पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. त्यातल्या एकीने मला हळूच विचारलं, "कोण गेलं जी? गावाकडचं कोणी का?" आता काय सांगणार... मी मोतीरामच्या उशाशी बसलो. त्याने न बघताच हातातला कागद माझ्याकडे सरकवला. खाली स्पष्ट लिहिलं होतं: भागाकार पंचावन्न हजार सातशे एकोणीस. बाकी शून्य. शून्याला त्याने तीनदा गिरवलं होतं. "तीनदा भागला, मास्तर," तो म्हणाला. "तीनदा शून्य. नऊ वर्षं गेली. आता मले त्या आकड्याचं तोंड नाही पाह्यचं."

माझ्याकडे सांत्वनाचे शब्द पुष्कळ असतात, मराठीचाच मास्तर ना. पण त्यात तुटलेल्या आकड्यासाठीचा एकही नव्हता. मग हाताला काही तरी चाळा म्हणून मी त्या कागदावरच्या आकड्याची बेरीज करत बसलो. गणितातलं मला शाळेपासून एवढं एकच आठवतं: आकड्यांची बेरीज करायची, तिला तीनने भाग गेला की त्या संख्येला तीनने भाग जातो. सात आणि तीन दहा, नऊ एकोणीस... बेरीज आली छत्तीस. मी आपला सहज म्हणून गेलो, "मोतीराम, अरे हा तर तीननंच जाते. तू तेराशेपर्यंत कायले गेला?"

भिंतीकडचं तोंड माझ्याकडे वळलं. "काय म्हणता? बेरीज अडतीस आहे."

"छत्तीस," मी म्हटलं.

"अडतीस! झोपेतून उठवून विचारा, अडतीस!" तो ताडकन उठून बसला, खड्डा घुमला. कागद त्याने माझ्या हातातून ओढला आणि पहिल्यांदाच, सात महिन्यांत पहिल्यांदाच, वरचा आकडा बोट ठेवून वाचला. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे... तेरा. एकशे तेहेतीसच्या जागी एकशे तेरा. माझ्या वळणदार, छापल्यासारख्या अक्षरात, दोनशे कागदांवर.

मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नाही. अर्धा गुण कापणारा मी! मला वाटलं, आता हा मला फळ्या उचलून त्या खड्ड्यात ढकलणार. मोतीराम माझ्याकडे बघत होता, पण त्याला मी दिसतच नव्हतो. त्याने पेन्सिल उचलली, भिंतीवरच ७३९३९१३३ लिहिलं, तेराशे सत्तावीसने भागलं. बाकी वीस. "वीस!" तो ओरडला. "मास्तर, बाकी वीस! जित्ता आहे माहा आकडा, जित्ता आहे!" आणि मला कवटाळून तो ढसढसा रडायला लागला. कोपऱ्यातल्या दोघींना वाटलं, आता खरंच कोणीतरी गेलं. त्यांनीही सूर लावला. जनाबाई कढईतला झारा घेऊनच बाहेर आल्या. मोतीराम डोळे पुसत त्यांना म्हणाला, "काय पाहून राहिली वं? भूक लागली, वाढ न." मी म्हटलं, "मोतीराम, तू यार्डात सगळ्यांचं तपासतो. माहं काहून नाही तपासलं?" तो म्हणाला, "तुमचं कायले तपासू?" आणि जेवायला बसला.

शिक्षा दुसऱ्या दिवशी झाली. मी पोरांना चुकलेला शब्द शंभरदा लिहायला लावतो हे त्याला ठाऊक होतं. त्याने मला फळ्यांवर बसवून तो आकडा शंभरदा लिहायला लावला, आणि प्रत्येक ओळ यार्डाच्या पद्धतीने ताडून पाहिली. शिवाय असं ठरलं की माझ्या चुकीच्या आकड्यावर झालेले बाकीचे एकशे एकवीस भागाकार मीच पुन्हा करायचे. मोतीराम पुढे जाणार, मी मागचं निस्तरणार. त्याला मी ना म्हणूच शकत नव्हतो. (तेराशे सत्तावीसच्या पुढे म्हणे तेहेतीस संख्या अशा आहेत की त्यांत एकही मूळ नाही, पुढची थेट तेराशे एकसष्ट. "झटका दिल्यावर सुस्ताव्याले जागा ठेवली आहे," मोतीराम म्हणाला.) मग दर रविवारी दुपारी मी जायचो. चाळिशी गाठलेला माणूस आणि भागाकार करतो आहे, बोटं मोजतो आहे! शाळेच्या खोलीतही सराव करायचो, म्हणून तर शिपाई त्याला भागाकारवाला म्हणायचा. मोतीराम शेजारी बसून आपला भागाकार करायचा, मधूनच माझ्या कागदात डोकावून "हातचा, मास्तर, हातचा!" म्हणून ओरडायचा, जनाबाई चहा आणायच्या, कधी तर्रीपोहे. आठ महिन्यांत माझे एकशे एकवीस पुरे झाले. एकानेही आकडा तुटला नाही. पण तोवर सवय लागली होती; मी रविवारी जातच राहिलो आणि आम्ही दोघं मिळून पुढे चाललो.

मध्येच एकदा सुरेशने भिलाईहून कॅल्क्युलेटर आणला. तसलं यंत्र गल्लीत कोणी पाहिलं नव्हतं. त्यावर बरोब्बर आठ आकडे मावायचे. सुरेश म्हणाला, "बाबा, द्या, एका दुपारी सगळं करून देतो." मोतीरामने यंत्रात आकडा तेवढा भरून घेतला. ७३९३९१३३, लाल लाल, पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत गच्च. त्याला ते इतकं आवडलं की त्याने भागण्याचं बटण कोणाला दाबू दिलं नाही. "एका दुपारीत करशील, मंग बाकीच्या दुपारी मी काय करू?" म्हणाला. सेल संपेपर्यंत तो त्या लाल आकड्याकडे एकटक बघत बसला होता, आणि सुरेश कपाळाला हात लावून.

शेवटचा भागाकार आठ हजार पाचशे सत्त्याण्णवचा. त्याच्या पुढे करायची गरज नसते. का नसते, ते मोतीरामने मला पाच वर्षं समजावलं आणि शेवटी वाटणीच्या भाषेत सांगितलं तेव्हाच कळलं: "दोघं वाटेकरी असले का एक तरी लहान वाट्यावाला असतेच. लहान वाट्यावाला इकडं कुठंच नाही सापडला, तर मोठ्यानं वाटणी करावी कोणासंग?" तो भागाकार त्याने मला करायला लावला. सुरेश सुट्टीवर आला होता, जनाबाई हात पुसत दाराशी उभ्या, शेजारच्या त्याच दोघी, एवढा सगळा दरबार. आठ हजार सहाशे वेळा गेला आणि बाकी उरली चार हजार नऊशे तेहेतीस. मोतीरामने गुणून ताडून पाहिलं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते झालं, तर पुढे काय करायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी जनाबाई म्हणाल्या, "झालं का? मंग आता ते भिंतीवरचं पुसू का?" पुढे त्याने नववा आकडाही लावून पाहिला. एक आणि सात लावले तर तीनने पटकन तुटले. तीन आणि नऊ लावले तेही कुठे कुठे जाऊन तुटले. आठावरच थांबायचं होतं. तो खुशाल थांबला, आणि आम्ही रविवारी नुसत्या गप्पा मारू लागलो.

यंदा छातीचं दुखणं निघालं आणि त्याला दवाखान्यात ठेवलं. मी दुपारी भेटायला गेलो तेव्हा तो बरा दिसत होता. मला जवळ बोलावून म्हणाला, "मास्तर, एक कबुली द्यायची राह्यली. तुमचा तो चुकीचा आकडा माह्या आकड्यापेक्षा कितीनं कमी होता?"

"वीसनं."

"मंग माह्या जुन्या कागदावर जे बाकी होती, त्याच्यात वीस मिळवले का काम झालं असतं. बस. पुन्हा भागायची काही गरज नव्हती. मी त्याच संध्याकाळी, जेवण झाल्यावर पाहून घेतलं होतं. अर्धा तास लागला."

मला समजायला थोडा वेळ लागला. एकशे एकवीस भागाकार. आठ महिने. चाळिशीत बोटं मोजणं! मी केवढ्याने तरी ओरडलो, "मंग मले काहून भागायला लावले बे?" पलीकडच्या खाटेवरचा माणूस दचकून उठून बसला. मोतीराम हसत होता, हसताना छाती धरत होता. मग हसू थांबलं. "सुरेश भिलाईले गेला होता न तेव्हा," तो म्हणाला. "रविवार लय मोठा राह्यते, मास्तर." नर्स धावत आली आणि तिने मला बाहेर काढलं. जाताना मी त्याला तोंडात येईल ते बोललो. खरं तर मला त्याचा राग आला नव्हता. मला रडू येत होतं आणि ते चार लोकांत दिसू द्यायचं नव्हतं, म्हणून ओरडलो. पुन्हा येऊन नीट बोलू असं ठरवलं होतं. चौथ्या दिवशी शिपाई दाराशी आला.

तेरवी झाली, सुरेश भिलाईला परत गेला. गेल्या आठवड्यात जनाबाईंनी मला बोलावून घेतलं. फळ्यांवर मोतीरामचे कागद आणि मूळ संख्यांची यादी काढून ठेवली होती. "भाऊजी, हे आठ हजार पाचशे सत्त्याण्णववर काहून थांबले? त्याच्या पुढं आकडे नाही का?" म्हटलं, आहेत, पण गरज नाही. आणि मोतीरामने मला सांगितलं होतं तसं लहान-मोठ्या वाटेकऱ्याचं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मोठ्या भावानं एकट्यानं सगळं लाटलेलं मी पाह्यलं आहे. मले नका सांगू." त्या खाली बघत म्हणाल्या, "एवढं एकच ह्याहीनं साबूत ठेवलं होतं. तुटत नाही न, पाहून घ्या एकदा."

मी कागद घेतला. आकडा लिहिला आणि बोट ठेवून ताडून पाहिला. यादीत पुढची संख्या होती आठ हजार पाचशे नव्याण्णव. जनाबाई समोर बसून माझ्या हाताकडे बघत होत्या. आठ हजार पाचशे अठ्ठ्याण्णव वेळा गेला, बाकी चार हजार नऊशे एकतीस. गुणूनही पाहिलं. म्हटलं, "नाही तुटत, वहिनी."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने विचारलं, "पुढचा कोणता आहे?"

"आठ हजार सहाशे नऊ."

"मंग तो उद्या करा. चहा ठेवते मी."

पुढच्या आकड्याची काहीही गरज नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी गेलो.